एकरी तीन टन

राहुरी, देवळाली प्रवरा, बारागाव नांदूर या पट्ट्यातल्या कुणाही ऊसवाल्याला सांगून पाहा, की जगात असाही एक मुलूख आहे जिथे एकरी तीन टनांहून जास्त माल काढायला कायद्यानेच मनाई आहे. आधी त्याला हसू येईल, मग तो विचारेल की तीन टनांत त्या लोकांचे भागते कसे? प्रश्न रास्त आहे. मुळा धरणाचे पाणी शिवारात आले तेव्हापासून आपल्याकडची सगळी फुशारकी टनेजची. कुणाचा ऊस एकरी साठ गेला, कुणाचा शंभरला टेकला, यावरच चहाच्या टपरीवर माणसाची किंमत ठरते.

तो मुलूख म्हणजे इटलीच्या टस्कनी प्रांतातला, फ्लॉरेन्स आणि सिएना या दोन शहरांमधला डोंगराळ पट्टा. नाव कियान्ती. तिथल्या ‘कियान्ती क्लासिको’ या तांबड्या वाईनच्या नियमांत हेक्टरी ७५ क्विंटल द्राक्षे ही कमाल मर्यादा आहे. म्हणजे आपल्या हिशोबाने एकरी तीन टन. ज्याने जास्त पिकवले त्याने बाटलीवर ते नाव लावायचे नाही, मग द्राक्षे कितीही गोड असोत.

या वाईनबद्दल राहुरीत बसून लिहायला एक सबळ कारण आहे. महात्मा फुले कृषी विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अहिल्यानगर, नाशिक, पुणे, सोलापूर, सातारा, सांगली, कोल्हापूर, धुळे, नंदुरबार, जळगाव असे दहा जिल्हे येतात. महाराष्ट्रात वाईनची द्राक्षे जिथे जिथे रुजली, तो जवळजवळ सगळा प्रदेश यात आला. आणि नगरहून करमाळा, टेंभुर्णी करत अकलूजला उतरले, की माळशिरस तालुक्यात कियान्तीचेच द्राक्ष तारेवर चढलेले दिसते. सांजोवेझे हे त्याचे नाव. टस्कनीतले हे झाड उसाच्या आणि साखर कारखानदारीच्या मुलखात आले, तेव्हा सोबत काय आले आणि काय तिकडेच राहिले, हे बघण्यासारखे आहे.

आधी तिकडचे भांडण समजून घेऊ, कारण ही वाईन भांडणांतूनच घडली. फ्लॉरेन्स आणि सिएना ही दोन शहरे कियान्तीच्या मालकीवरून पिढ्यान्‌पिढ्या लढत होती. दंतकथा अशी की शेवटी ठरले, दोन्हीकडून पहाटे कोंबडा आरवताच एकेक घोडेस्वार निघेल आणि दोघे जिथे भेटतील ती हद्द. सिएनावाल्यांनी पांढरा कोंबडा निवडला आणि त्याला खाऊपिऊ घातले. फ्लॉरेन्सवाल्यांनी काळा कोंबडा घेतला आणि उपाशी ठेवला. भुकेला कोंबडा अंधारातच आरवला, त्यांचा स्वार लवकर सुटला आणि पार सिएनाच्या जवळ जाऊन भिडला. जवळपास सगळे कियान्ती फ्लॉरेन्सच्या पदरात पडले. गोष्ट खरी की खोटी याच्याशी तिथल्या कुणाला देणेघेणे नाही. काळा कोंबडा मात्र आजही कियान्ती क्लासिकोच्या प्रत्येक बाटलीवर छापलेला असतो.

कागदावरची हद्द आली ती २४ सप्टेंबर १७१६ रोजी. साताऱ्याच्या गादीवर तेव्हा शाहू महाराज होते आणि पेशवेपदावर बाळाजी विश्वनाथ. टस्कनीचा ग्रँड ड्यूक कोसिमो तिसरा याने फर्मान काढून कियान्ती, पोमिनो, कार्मिन्यानो आणि आर्नो नदीचे वरचे खोरे अशा चार वाईनप्रदेशांच्या सीमा आखून दिल्या. हेतू शुद्ध व्यापारी होता. नावाला बाजारात भाव आला, तसा भलत्याच गावचा माल त्या नावावर खपू लागला होता. वाईनच्या गावाची शीव सरकारने कायद्याने आखून देण्याचा हा जगातल्या अगदी सुरुवातीच्या दाखल्यांपैकी एक मानला जातो.

हद्द ठरली तरी आत काय भरायचे ते ठरले नव्हते. ते बेत्तिनो रिकासोली या सरदाराने ठरवले. हा गृहस्थ दोनदा इटलीचा पंतप्रधान झाला, पण जीव त्याचा ब्रोलिओच्या गढीतल्या द्राक्षांत. वर्षानुवर्षे प्रयोग करून १८७२ मध्ये त्याने पिसा विद्यापीठातल्या एका प्राध्यापकाला पत्र लिहिले. सांजोवेझेने वाईनला सुगंध आणि जोम येतो, कानाइओलोने त्याचा कडकपणा मऊ होतो, आणि लवकर प्यायच्या वाईनमध्ये थोडी माल्वाझिया ही पांढरी द्राक्षेही चालतील, असा त्याचा निष्कर्ष. जी वाईन मुरवायची तिच्यात माल्वाझिया न घातलेलीच बरी, असेही त्याचे मत होते. पुढच्या लोकांनी त्याचे ‘चालतील’ तेवढे उचलले. १९६७ च्या नियमांनी तर पांढरी द्राक्षे मिसळणे सक्तीचेच केले.

त्याच सुमारास आणखी एक घोळ झाला, आणि तो आपल्याला जास्त ओळखीचा वाटेल. टस्कनीतली शेती शतकानुशतके अर्धेलीने चालत होती. जमीन मालकाची, कष्ट कुळाचे, पीक निम्मे-निम्मे. एकाच वावरात गहू, जैतून आणि झाडांवर चढवलेले द्राक्षवेल अशी मिश्र पिके असत. १९६४ च्या कायद्याने अर्धेलीचे नवे करार बंद झाले. कुळे त्याआधीच कारखान्यांच्या वाटेला लागली होती, वाडे ओस पडले होते. मग शहरातल्या पैसेवाल्यांनी जमिनी घेतल्या आणि सरकारी मदतीवर भराभर नुसत्या द्राक्षांच्या बागा लावल्या. आज पोस्टकार्डांवर दिसणाऱ्या आणि आपण प्राचीन समजतो त्या सरळ रांगा बहुतेक या काळातल्या, म्हणजे आपल्या जायकवाडीच्या वयाच्या. लावताना वाण निवडले ते भरघोस लागणारे. टनेज वाढले, वाईन पाणचट झाली, आणि गवती वेष्टनातल्या स्वस्त बाटल्यांनी कियान्तीचे नाव जगभर बदनाम केले. १९८४ मध्ये सर्वांत वरचा दर्जा मिळाला तेव्हा उत्पादनाची मर्यादा आवळली गेली. एकरी तीन टनांमागे एवढे रामायण आहे. टनेजच्या मागे लागून एकदा हात पोळलेल्या लोकांनी तो आकडा लिहिला.

पण त्याआधी बंड झाले होते. आंतिनोरी हे फ्लॉरेन्समधले सहाशे वर्षांचे वाईनघराणे. त्यांनी १९७१ च्या हंगामापासून ‘तिन्यानेल्लो’ ही आपली वाईन कियान्तीचे नाव सोडून, साध्या टेबल वाईनच्या खालच्या वर्गात विकायला काढली. पुढे तिच्यातली पांढरी द्राक्षे गेली आणि सांजोवेझेच्या जोडीला काबर्ने सोव्हिन्यों हे फ्रेंच द्राक्ष आले. कायद्याच्या लेखी सर्वांत हलकी आणि किमतीला सर्वांत भारी, अशा या वाईन्सना इंग्रजी पत्रकारांनी ‘सुपर टस्कन’ म्हणायला सुरुवात केली. नियम करणाऱ्यांचा नाइलाज झाला. १९९६ पासून निव्वळ सांजोवेझेची कियान्ती क्लासिको करता येऊ लागली आणि २००६ पासून पांढरी द्राक्षे हद्दपार झाली. आता सांजोवेझे किमान ८० टक्के लागते.

या द्राक्षाचा स्वभाव तिरसट आहे, आणि गंमत म्हणजे जुन्या लोकांनी तो नेमका ओळखला होता. १५९० च्या सुमारास सोदेरिनी या टस्कन लेखकाने याची (निदान बहुतेक इतिहासकार ज्याला हेच मानतात त्या द्राक्षाची) वाईन उत्तम होते, पण काळजी घेतली नाही तर व्हिनेगर होते, असे नोंदवून ठेवले. साल पातळ, रंग बेताचा. पेल्यात वाईन तिरकी धरली तर कडेला विटकरी झाक दिसते, आणि काबर्नेच्या जांभळ्या-काळ्या रंगाला सरावलेला माणूस फसून हिला हलकी समजतो. तोंडात घेतली की मात्र आंबट चेरी, सुकलेल्या औषधी पाल्याचा वास, कोऱ्या चहासारखा जिभेवर बसणारा तुरटपणा, आणि या सगळ्याच्या कण्यासारखे आम्ल. सांजोवेझे ओळखायचे ते या आम्लावरून. डोंगरउताराच्या भुसभुशीत, पापुद्रे सुटणाऱ्या खडकावर एक चव, चुनखडीवर दुसरी. सिएनाच्या दक्षिणेला मोंतालचिनोला गेले की हेच द्राक्ष ब्रुनेल्लो या नावाने भारदस्त होऊन बसते, आणि हंगामानंतर पाचवे वर्ष उजाडल्याशिवाय दुकानात येत नाही.

इटलीत सर्वाधिक लागवड असलेले हे तांबडे द्राक्ष टस्कनीचा अभिमान आहे. पण २००४ मध्ये डीएनए तपासून संशोधकांनी मांडले की याचे एक मूळ टस्कनीतले चिलिएजोलो आणि दुसरे पार दक्षिणेकडचे, कालाब्रेझे दि मोंतेनुओवो नावाचे जवळजवळ विसरले गेलेले द्राक्ष. या वंशावळीवर पुढे वादही झाले. पण टस्कनीच्या मानबिंदूत खालच्या, उन्हाच्या मुलखाचे रक्त निघाले, ही गोष्ट तिकडे अनेकांना पचायला जड गेली असणार.

तर या द्राक्षाची कलमे अकलूजला आली. फ्रातेल्ली ही कंपनी २००७ मध्ये स्थापन झाली. इटलीचे आंद्रेआ आणि आलेस्सिओ सेक्की, दिल्लीचे कपिल आणि गौरव सेखरी, अकलूजचे रणजितसिंह आणि अर्जुनसिंह मोहिते-पाटील, अशा भावांच्या तीन जोड्या. सातवे पिएरो मासी, टस्कनीत मुरलेले वाईनतज्ज्ञ. मोटेवाडी, गारवाड आणि निमगाव इथल्या माळांवर परदेशातून आणलेली काही लाख कलमे लागली. पर्जन्यछायेचा हा प्रदेश. पाऊस बेताचा, जमीन हलकी, आणि ऊस सोडून इथे कुणी दुसरे पीक धरले तर शेजारी काळजीने विचारपूस करतात.

तिथे पहिल्यांदा गेले की द्राक्षवाल्या माणसाची नजर घडावर अडकते. नारायणगावची किंवा तासगावची द्राक्षे बघितलेल्याला हा घड आजारी वाटावा. मणी वाटाण्याहून थोडा मोठा, घड गच्च, जिबरेलिकमध्ये बुडवून लांबवलेला नाही की विरळणी करून सुटा केलेला नाही. एक मणी बोटांत दाबला तर बाहेर येतो तो गर पाण्यासारखा रंगहीन. त्यात बिया दोन-तीन, चावल्या तर कडू. बोटांना लागलेला जांभळा डाग सालीचा असतो. तांबड्या वाईनचा रंग सगळा सालीत. म्हणून द्राक्षे चिरडून साल-बियांसकट टाकीत आंबवतात. फसफसू लागले की साली वर येऊन जाड थर धरतात, खालचा रस पंपाने उपसून पुन्हापुन्हा त्या थरावर सोडावा लागतो. नाहीतर रंग उतरत नाही आणि वर बुरशीचे भय. सालीला रसापासून लगेच वेगळे केले, तर याच काळ्या द्राक्षांची पांढरी वाईन होते. फ्रातेल्ली तीही करते, ‘सांजोवेझे ब्यांको’ नावाने. या गोष्टीचे टस्कनीतल्या जुन्या लोकांना काय वाटेल कोण जाणे. उन्हाळ्यात थंडगार प्यायला मला ती बरी वाटली.

आता खरा फरक. फ्लॉरेन्स जवळपास ४४ अंश उत्तरेला, अकलूज १८ च्या आत. टस्कनीत हिवाळ्यात वेल पाने गाळून झोपतो, एप्रिलमध्ये डोळे फुटतात, जूनच्या पंधरा तासांच्या दिवसांत पाला भरतो, ऑगस्टमध्ये मण्यांत पाणी उतरते आणि सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये तोडणी. म्हणजे द्राक्ष पिकताना हवा दिवसेंदिवस थंड होत जाते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. त्याला माणूस कात्रीने झोपवतो आणि उठवतो. एप्रिलची खरड छाटणी, तिच्यातून काडी तयार होते आणि पुढच्या घडाचे गर्भ त्या काडीच्या डोळ्यांत धरतात. मग पावसाळा सरता सरता फळछाटणी, डोळ्यांना पेस्ट, आणि वर्षातल्या सर्वांत लहान दिवसांत वाढ. मण्यांत पाणी उतरते तेव्हा थंडी ओसरायला लागलेली असते आणि तोडणी येते तोवर फेब्रुवारी-मार्चचे ऊन. तिकडचे द्राक्ष थंडीच्या दिशेने पिकते, आपले उन्हाळ्याच्या दिशेने.

परिणाम थेट चवीवर. ऊन वाढले की मण्यातले मॅलिक आम्ल जळून जाते आणि साखर झपाट्याने चढते. साल आणि बी मात्र त्या वेगाने पक्व होत नाहीत. म्हणजे ज्या आम्लावर सांजोवेझेची ओळख, तेच इथे सर्वांत आधी हातातून निसटते. तोडणी पहाटे उरकायची, ब्रिक्स आणि आम्ल रोज मोजायचे, दोन-चार दिवसांचा उशीर झाला तर हंगाम गेला. उष्ण प्रदेशांत जगभर करतात तसे वरून टार्टारिक आम्ल घालून तोल सावरता येतो, पण मूळचे आम्ल आणि घातलेले आम्ल यांतला फरक कसलेल्या जिभेला कळतो. आपल्या बाजूला एक हुकमी एक्का आहे: पाणी. टस्कनीवाला ऐन तोडणीत आभाळाकडे बघून देव आठवतो, आणि त्याला मनाला येईल तेव्हा बागेला पाणीही देता येत नाही, नियम आड येतात. इथे नोव्हेंबरनंतर आभाळ सहसा कोरडे आणि ठिबकची चावी आपल्या हातात. अवकाळी आली नाही तर. ती आली की डावणी, भुरी आणि तडकलेले मणी. तिथे मग इटालियन आणि थॉमसन असा भेद राहत नाही.

अकलूजची सर्वांत मानाची तांबडी वाईन ‘सेत्ते’. सात संस्थापकांवरून हे नाव. तिच्यात सांजोवेझेला काबर्ने सोव्हिन्योंची जोड आहे, आणि ती ओकच्या पिंपांत मुरवलेली असते. वर आलेली तिन्यानेल्लोची कहाणी आठवली तर लक्षात येईल, अकलूजला कियान्ती आली नाही, कियान्तीविरुद्धचे बंड आले. तिकडे त्या मिश्रणाला अर्थ होता, कारण मोडायला अडीचशे वर्षांची चौकट होती. माळशिरस तालुक्यात चौकटच नाही. कोणते द्राक्ष कुठल्या माळावर लावावे, एकरी किती काढावे, कशात काय मिसळावे, हे ज्याचे त्याने ठरवायचे. प्रयोग करणाऱ्याला हे स्वातंत्र्य फारच सोयीचे. पण वाईनला गावाची चव यायला माणसांनी आधी गावाची हद्द धरून भांडावे लागते असे मला वाटते, आणि आपल्याकडे ते भांडण अजून सुरूच झालेले नाही. ‘नाशिक व्हॅली वाईन’ला भौगोलिक मानांकन आहे. पण दिंडोरीची वाईन निफाडच्या वाईनहून वेगळी कशी, या प्रश्नावर दोन गावांत हमरीतुमरी झाल्याचे मी तरी ऐकलेले नाही. कियान्ती क्लासिकोवाल्यांनी २०२१ मध्ये त्याच छोट्या पट्ट्याचे आणखी अकरा तुकडे पाडून त्यांची नावे बाटलीवर छापायचे ठरवले.

निफाडजवळ कुंदेवाडीला ‘रेव्हेलो’ची वायनरी आहे. तिथेही इटालियन तज्ज्ञ, आंद्रेआ व्हालेन्तिनुत्सी. तिथे सांजोवेझेबरोबर सिसिली बेटावरचे नेरो दाव्होला लावले गेले. माझ्या मते आपल्यासाठी हा पत्ता जास्त बरोबर आहे. नेरो दाव्होला हे कडक उन्हात वाढलेले, उकाड्यातही आम्ल धरून ठेवणारे द्राक्ष. टस्कनीच्या नावाला वलय आहे, पुस्तके आहेत, सिनेमे आहेत. सिसिलीला ऊन आहे. सोलापूरकराने कुणाशी सोयरीक करावी हे उघड आहे.

परक्या झाडाला आपले करणे राहुरीला नवीन नाही. डाळिंबाचेच बघा. पुण्याच्या गणेशखिंडीत डॉ. चीमा यांनी निवडलेला ‘गणेश’ मऊ दाण्याचा, पण रंगाने फिका. त्याचा रशियाकडून आलेल्या ‘गुल-ए-शाह रेड’शी संकर झाला, आणि त्या संततीतून विद्यापीठाने मृदुला, फुले आरक्ता, भगवा असे लालभडक वाण दिले. आज सांगोल्यापासून मालेगावपर्यंत भगव्याला परका म्हणणारा कुणी भेटणार नाही. द्राक्षाच्या बाबतीत अडचण वेगळी आहे. डाळिंब एका व्यापाऱ्याने नाकारले तर बाजार समितीत जाते. वाईनचे बारीक, बियांचे द्राक्ष खाण्यासाठी कुणी घेत नाही, बेदाण्यालाही ते नको. २००१ मध्ये राज्याचे वाईन धोरण आले, विंचूर आणि पलूसला वाईन पार्क झाले, बघता बघता बागा वाढल्या. आणि २००८ नंतरच्या मंदीत खरेदी थंडावली तेव्हा अनेकांनी त्याच बागा उपटून पुन्हा थॉमसन लावली. एका गिऱ्हाइकाच्या भरवशावर पंधरा-वीस वर्षांचे झाड लावणे म्हणजे काय, हे त्या लोकांना विचारावे. अकलूजचा कारभार टिकला त्याचे एक कारण हेही, की बागा बव्हंशी कंपनीच्याच.

आणि आपल्या जिल्ह्यात हा विषय काढायचा तर आणखी एक दार ओलांडावे लागते. जानेवारी २०२२ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमधून वाईन विकायला परवानगी द्यायचा निर्णय घेतला. शेतकऱ्याचे हित हे कारण सांगितले गेले. पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून अण्णा हजारे यांनी उपोषणाचा इशारा दिला, फेब्रुवारीत ग्रामसभेने आग्रह केल्यावर तो स्थगित झाला. पुढे सरकार बदलले आणि विषय मागे पडला. अण्णांचा विरोध ज्या गावांनी दारूपायी संसार बुडताना पाहिले त्यांना समजावून सांगावा लागत नाही. ज्यांच्या नावाने राहुरीचे विद्यापीठ आहे त्या महात्मा फुल्यांनीही १८८० मध्ये पुण्यातल्या वाढत्या दारू दुकानांविरुद्ध नगरपालिकेला पत्र लिहिले होते. पण त्याच जिल्ह्यात उसाच्या मळीपासून मद्यार्क गाळणाऱ्या आसवन्या साखर कारखान्यांना वर्षानुवर्षे हातभार लावत आल्या, त्याबद्दल एवढा गलका कधी झाला नाही. त्या सगळ्या वादात खुद्द द्राक्षाबद्दल, ते कुणाचे, किती, कोणत्या भावाने घेतले जाणार याबद्दल, दोन्ही बाजू फारसे बोलल्या नाहीत.

ज्यांना घ्यायची नाही त्यांनी घेऊ नये. ज्यांना घ्यायची आहे त्यांनी ती खोलीच्या तापमानाला घेण्याचा हट्ट तरी सोडावा. तो सल्ला युरोपातल्या दगडी घरांचा आहे. राहुरीत मार्चमध्ये खोलीचे तापमान म्हणजे ३२ अंश, आणि त्या तापमानाला सांजोवेझेतले मद्य नुसते नाकात जाते. फ्रीजमध्ये ठेवून सोळा-सतरा अंशांवर आणली तर चेरी आणि तुरटपणा दोन्ही जागेवर येतात. टस्कनीत ही वाईन जेवणाशिवाय पीत नाहीत. टोमॅटोची आंबट सालने आणि निखाऱ्यावर भाजलेले मांस यांच्याबरोबर तिचे आम्ल खुलते. आपल्याकडे काळ्या मसाल्याच्या मटण रश्श्याचा तिखटपणा तिच्यावर मात करतो. जीभ भाजलेली असताना तुरटपणा दुप्पट जाणवतो. तव्यावर परतलेले सुके मटण, भरली वांगी किंवा टोमॅटोचे सार असेल, आणि तिखट बेताचे, तर अकलूजची बाटली त्या ताटात परकी वाटत नाही.